पडक्या वाड्यातील अकरा शिवराया

पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले म्हणजे त्याला जमिनीतले धन दिसू लागते, अशी एक समजूत आमच्या आजोळी लहानपणी ऐकली होती. जो पायाकडून जन्मला तो पायाळू. गावात असा एक म्हातारा होता. त्याला धन दाखवायला कोणी कधी नेले की नाही ते ठाऊक नाही, पण त्याने स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली एवढे मी पाहिले आहे. पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेभावाने पुण्याहून धातू शोधण्याचे यंत्र आणले, तेव्हा पोरांनी त्या यंत्राचे नाव 'पायाळू' असेच ठेवले. हे नाव मला अजूनही फार समर्पक वाटते. यंत्राला धन दिसत नाही. त्याला धातू लागतो. आणि ज्याच्या हातात ते असते त्याला बहुधा धनाखेरीज दुसरे काही दिसत नाही.

प्रस्तुत लेखात त्या यंत्राची, त्याने दाखविलेल्या अकरा तांब्याच्या नाण्यांची आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणविणाऱ्या मजकडून झालेल्या एका चुकीची हकीकत आहे. गाव सातारा जिल्ह्यातले आहे. नाव मुद्दाम देत नाही. कारण लेख वाचून कोणी कुदळ घेऊन तिकडे गेला तर मामा मला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.

वाडा म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे नगारखाना आणि बुरूज उभे राहतील, तर तसे काही नाही. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, मध्ये चौक, समोर सोपा, आत माजघर आणि देवघर, मागे परस, असा तो बेताचा वाडा. माडी माझ्या जन्माआधीच पडली. कडीपाटाचे सागवान विकून एका मावशीचे लग्न झाले. आज सोप्यावर छप्पर नाही, चौकात एरंड माजला आहे आणि मामांचे कुटुंब शेजारीच स्लॅबच्या घरात राहते. पण वाडा कोणाच्या काळातला, या प्रश्नाचे मामांचे उत्तर ठरलेले: "बाजीरावाच्या वक्ताचा." पहिल्या बाजीरावाच्या की दुसऱ्या, असे विचारले की ते रागावतात. दोघांमध्ये छपन्न वर्षांचे अंतर आहे (पहिल्याचा मृत्यू १७४० साली, दुसऱ्याची कारकीर्द सुरू झाली १७९६ साली) हे मी त्यांना सांगून पाहिले होते. कागदपत्र एकही नाही. तेव्हा वाड्याचे वय ठरवायचे तर ते वाड्याच्या मातीतूनच ठरणार होते. ही गोष्ट मला त्या वेळी कळत असती तर हा लेख वेगळा झाला असता.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे एक चक्र असते आणि त्यात तारेची वेटोळी बसविलेली असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि दुसऱ्या वेटोळ्याला ते जाणवते. तांबे, चांदी आणि लोखंड यांचा प्रतिसाद सारखा नसतो. त्यावरून यंत्र निरनिराळे आवाज काढते. आमचे यंत्र लोखंडाला घुमायचे आणि तांब्याला शीळ घालायचे. पैशाएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत त्याला बरी समजे. त्याखाली त्याचा भरवसा नव्हता. शिवाय आपली दख्खनची जमीन बेसॉल्टची. तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण भरलेले असल्यामुळे यंत्र मातीलाच धातू समजून कण्हू लागते. ते जमिनीशी जुळवून घेईपर्यंत आमची पहिली सकाळ गेली.

या यंत्राचा पूर्वज टेलिफोनकर्त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने वापरला होता. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कोठे अडकली आहे हे शोधण्यासाठी बेल आपले उपकरण घेऊन त्यांच्या बिछान्यापाशी गेला. शोध फसला. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या हे त्यामागचे एक कारण सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे हातयंत्र बनविले आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत ते उपयोगी पडले. युद्धानंतर अशी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. सुरुंग हुडकणारे यंत्र नाणी हुडकू लागले, हा बदल चांगलाच म्हणायचा. पण सुरुंग काढणारा माणूस खाली वाकताना जितका जपतो तितके आम्ही जपलो नाही, हेही खरे.

तीन दिवस आम्ही वाडा पालथा घातला. पहिल्या दिवशी खिळे, कोयंडे, बैलाच्या पायाची पत्री, एक मोडका अडकित्ता आणि विडीचे डबे निघाले. दुसऱ्या दिवशी चौकात भोकाचा पैसा मिळाला. १९४३ ते १९४७ या काळातला हा पैसा आजीच्या पिढीला चांगला आठवतो. त्याशेजारीच ॲल्युमिनियमचे तीन पैसे. दोन्ही एकाच वीतभर मातीत. तिसऱ्या दिवशी दुपारी सोप्याच्या कोपऱ्यात, माजघराच्या उंबऱ्याजवळ, यंत्राने अशी शीळ घातली की मामी चुलीवरचे तसेच टाकून बाहेर आल्या.

मी कुदळ मारली. सोप्याची जमीन शेणामातीची होती. दरवर्षी वर मातीचा हात, त्यावर सारवण, असे करीत गेलेली. कुदळीने फुटलेल्या कडेला ते थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसत होते, हे मला आज डोळ्यांपुढे येते. त्या वेळी मी ते पाहिले, पण वाचले नाही. हिरवे पडलेले तांब्याचे गोळे हाताला लागले आणि मग आम्हा दोघांना दम राहिला नाही. त्या कोपऱ्यात सहा की सात, राहिलेली चौकाच्या पायरीशी आणि परसात, अशी संध्याकाळपर्यंत अकरा नाणी झाली. 'सहा की सात' असे लिहिताना मला शरम वाटते. पण सगळी नाणी आम्ही एकाच स्टीलच्या डब्यात टाकली होती, आणि डब्यात पडल्यावर कोणते नाणे कोठले हे सांगणे ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते.

रात्री मी ती चिंचेच्या कोळाने घासली. पितळेची समई घासतात तशी. त्यांतल्या दोन नाण्यांच्या हिरव्या पुटावर बारीक जाळीसारखी नक्षी होती. मला वाटले, मातीचे मुळांचे काही चिकटले असेल. जोर लावून तीही काढली. सकाळी नाणी नव्या पैशासारखी लाल झाली होती आणि मी मोठ्या दिमाखात ती रुमालात बांधून महाविद्यालयात घेऊन आलो.

नाणी शिवराया होत्या. शिवराईची ओळख आपल्यापैकी अनेकांना असेल: एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी, म्हणजे १६७४ शी, हे नाणे जोडले जाते. साहजिकच माझी अशी समजूत झाली होती, की नाण्यावर महाराजांचे नाव आहे त्याअर्थी वाडा शिवकाळात वसता असला पाहिजे. मामांचे बाजीराव मी एका रात्रीत मागे टाकले होते.

आमच्या इतिहासाच्या सरांनी नाणी तळहातावर घेतली, भिंगातून पाहिली आणि चौघींना बाजूला काढले. त्यांवर ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा होत्या. यांना दुदांडी शिवराई म्हणतात आणि त्या उत्तरकाळातल्या समजतात. सरांनी समजावून सांगितले, की शिवराईवरचा मजकूर महाराजांच्या नंतरही पाडणाऱ्यांनी तसाच चालू ठेवला. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून ती पडत राहिली, आणि कंपनीचे राज्य आल्यानंतरही बाजारात चालत राहिली. अक्षरे बेढब होत गेली, वजन घटत गेले, पण नाव तेच. म्हणून शिवराई एकटी हातात घेतली तर ती आपला काळ फार थोडा सांगते. तो सांगायला तिच्या खालची आणि वरची माती लागते.

मग त्यांनी विचारले, "कोपऱ्यातली नाणी सारवणाच्या थरांत होती, की थरांच्या खालच्या मुरमात?"

मी गप्प राहिलो.

"एकत्र होती की विखुरलेली? त्यांतल्या दुदांडी किती?"

तेही सांगता आले नाही. शेवटी त्या जाळीची गोष्ट निघाली. सरांनी भिंग खाली ठेवले. तांबे मातीत गंजते तेव्हा त्याचे क्षार शेजारच्या कापडात शिरतात, आणि कापड कुजून गेले तरी विणीचा ठसा गंजावर राहतो, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मी चिंचेने घासून काढली ती कोणाच्या तरी पुरचुंडीची वीण असण्याचा संभव होता. कोण्या सासुरवाशिणीने उंबऱ्याशी जमीन उकरून आपली चार नाणी लपविली असतील आणि वरून सारवून घेतले असेल. किंवा घर बांधताना पूजा करून कोणी ती पायात ठेवली असतील. घराच्या पायात नाणी घालण्याची चाल आपल्याकडे आहेच. पहिल्या गोष्टीत नाणी थरांच्या मध्ये सापडणार, दुसऱ्या गोष्टीत थरांच्या तळाशी. एक कथा बाईची, दुसरी वाड्याच्या जन्माची. दोन्हींतली खरी कोणती हे सांगणारा पुरावा मी अर्ध्या तासात कुदळीने उडविला होता.

सरांनी मला रागे भरले नाही. वाचायला दिले. त्या वाचनातील तीन गोष्टी येथे सांगाव्याशा वाटतात.

पहिली आपल्या नाशिक जिल्ह्यातली. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सर्व क्षहरात राजा नहपान याची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केल्याचे म्हटले आहे. शिलालेखात राजाची स्तुतीच असायची, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवावा असा प्रश्न होता. पराभूताच्या नाण्यावर विजेत्याचा ठसा हे त्याचे उत्तर ठरले. हा साठा साठा म्हणून अभ्यासकापुढे आला म्हणूनच हे प्रमाण कळले. त्यातले एखादे नाणे सोनाराच्या मुशीत आणि एखादे कोणाच्या गळ्यात, असे झाले असते तर नऊ हजार हा आकडा कोठून मिळणार?

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. सफोक परगण्यातील हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याने एरिक लॉझ नावाच्या आपल्या मित्राला यंत्र घेऊन बोलाविले. हातोड्याऐवजी सोन्याचांदीची रोमन नाणी आणि चमचे वर येऊ लागले. येथे लॉझ याने जे केले त्याबद्दल मला त्याचा हेवा वाटतो: तो थांबला. काही वस्तू वर आल्या होत्या, तेवढ्यावर त्याने खोदणे बंद केले आणि संबंधितांना कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी उरलेला ठेवा मातीच्या ढेकळांसह उचलला. त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने आणि भांडी एका लाकडी पेटीत ठेवली होती, आत लहान पेट्या होत्या, कोणती वस्तू कशाजवळ होती, हे सर्व समजले. सर्वांत नवी नाणी इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे ठेवा त्यानंतर पुरला गेला. हातोडाही सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! शोधकाला मोबदला सतरा लाख पन्नास हजार पौंड मिळाला आणि तो त्याने शेतकऱ्याशी वाटून घेतला.

तिसरी गोष्ट त्याच देशातली, पण उलट्या टोकाची. सरे परगण्यात वॉनबरो येथे एका प्राचीन देवालयाच्या जागेवर १९८३ नंतर लोकांनी रात्री यंत्रे चालवून हजारो नाणी पळविली. नंतर पुरातत्त्वज्ञांच्या वाट्याला खड्ड्यांनी चाळणी झालेली जमीन आली. जुना कायदा अपुरा पडला. या प्रकरणानंतर झालेल्या चळवळीतून तेथे १९९६ चा नवा कायदा आला. १९९७ पासून तेथील हौशी शोधक आपल्या सापडलेल्या वस्तू स्वखुशीने नोंदवू शकतात अशी योजनाही सुरू झाली. तिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद, सापडल्या जागेसह, झाली आहे. यंत्र दोन्हीकडे तेच होते.

आपल्याकडील कायदा याहून जुना आहे, आणि तो मामांना समजावून सांगणे हे सर्वांत अवघड काम ठरले. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. (दहा रुपये! १८७८ साली त्यात काय काय येत असेल.) न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, आणि सापडणाऱ्याचा वाटाही जातो. निधीला कोणी मालक नाही असे ठरल्यास, आणि वेगळा करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. याखेरीज शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीवाचून खणणे हा तर सरळ गुन्हाच आहे. आमचा वाडा संरक्षित नाही एवढेच आमचे नशीब.

मामांचे म्हणणे असे: "सरकारात अर्ज दिला की वाडा गेला." वाडा जात नाही, हे मी कायद्याचे कलम दाखवून सांगितले. मामा म्हणाले, "कलम तुझ्यासारख्या पोरानंच लिव्हलं असंल." त्यातच गावात हंडा सापडल्याची आवई उठली होती. दोन रात्री वाड्यात बॅटरीचे झोत दिसले, परसात कोणीतरी कमरेएवढा खड्डा खणून ठेवला आणि तुळशीवृंदावनाचा दगड उलटून पाहिला. एकाने मामांना नारळ, लिंबू आणि मांत्रिक सुचविला. गुप्तधनाच्या नादाने आपल्या राज्यात किती अघोरी प्रकार झाले आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा मुद्दाम उल्लेख का करावा लागला, हे मला त्या आठवड्यात समजले. शेवटी मामीच म्हणाल्या, "द्या बाई ती नाणी एकदाची सरकारात. घरात झोप नाही." नाणी द्यायची ठरली. यंत्र मामेभावाने पुण्याला परत नेले.

यानंतरचा पावसाळा जोरदार झाला आणि वाड्याची उत्तरेकडची भिंत खचली. मामांनी फोन केला: "ये, तुझा पैसा भिंतीत दिसतोय." मी गेलो. जोत्याच्या वर हात-दीड हातावर, फुटलेल्या पांढऱ्या मातीत, एक तांब्याचे नाणे कडेवर उभे होते. या खेपेस मी त्याला हात लावला नाही. शेजारी पट्टी धरून छायाचित्रे काढली, जोत्यापासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचे अंतर वहीत लिहिले, मामांना साक्षीला उभे केले आणि मगच ते सोडविले. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, साल १८३५. तोही घासला नाही. साल तसेच वाचता येत होते.

भिंतीची माती पूर्वी गावठाणाच्या पांढरीतून आणीत. तिच्यात जुन्या काळच्या वस्तू येऊ शकतात, खापरे तर हटकून येतात. पण भिंत घातली तेव्हा जे नाणे जन्मलेच नव्हते ते तिच्या पोटात येणे शक्य नाही. म्हणजे ही भिंत १८३५ च्या आधीची नाही. दोन्ही बाजीराव बाद झाले. मी हे मामांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ही भिंत आमच्या आज्ज्याच्या बापानं पुन्यांदा घातली असंल. सोपा जुनाच हाय. सोप्याचं सांग."

त्यांचा आक्षेप अगदी बिनतोड आहे. पडक्या घराची एक भिंत मागाहून बांधणे ही रोजची गोष्ट. सोपा भिंतीआधीचा की बरोबरचा, हे कोपऱ्यातल्या त्या सहा-सात शिवराया सांगू शकल्या असत्या. दुदांडी मुरमाच्या तळाशी असती तर एक उत्तर, सारवणाच्या वरच्या थरात असती तर दुसरे.

जिल्हाधिकारी कार्यालयासाठी अर्ज मीच लिहिला. पाव आण्यासाठी वेगळा कागद जोडला. त्यावर भिंत, उंची, अंतर, दिनांक आणि छायाचित्रे आहेत. पहिल्या नाण्यांसाठी जे लिहिता आले ते एका ओळीत मावले: तांब्याची जुनी नाणी, नग अकरा, ठिकाण वाड्याचे आवार.